सत्तर किलो पेलणारी शेगडी

गल्लीत त्यांना सगळे टिचकी काकू म्हणायचे, आणि तेही अगदी तोंडावर. काकूंना त्याचं काही वाटत नसे. फळं-भाज्या बाटल्यांत भरण्याच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं झाकणं तपासली होती. समोरून बाटल्या सरकत जायच्या आणि काकू प्रत्येक झाकणावर नखाने टिचकी मारायच्या. खणखणीत आवाज आला की पास, भद्द आवाज आला की बाजूला. आत हवा राहिली तर माल नासणार, आणि ते काकूंच्या कानाला डोळ्यांच्या आधी कळायचं. पुढे कारखाना बंद पडला, पण सवय जाते का? कलिंगडाला टिचकी, भिंतीला टिचकी, नव्या कपाटाला टिचकी. मुलाने पसंत केलेली मुलगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा शेजारीण म्हणालीच, आता हिच्या कपाळावर मारतात की काय!

तशी काही मारली नाही. ती मुलगी सून होऊन घरात आली त्याला सहा वर्षं झाली होती आणि काकूंनी तिला हाताशी धरून सगळं शिकवलं होतं. कारखाना बंद झाल्यावर काकू काही कपाळाला हात लावून बसल्या नव्हत्या. मागच्या खोलीत शेगडी मांडली, भरलेल्या बाटल्या उकळायला मोठं पातेलं आणलं, आणि टोमॅटो, नासपती, वाटाणे, जे ज्या दिवसांत मिळेल ते भरायला लागल्या. त्यांच्या बाटल्या तीन खानावळींत जायच्या आणि आजवर एकही परत आली नव्हती. बोलणं म्हणाल तर मोजून मापून. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस गल्लीत सापडायचा नाही. चूक मात्र लगेच दाखवायच्या, एक घाव दोन तुकडे. सुनेला आधी त्याचा धाक वाटायचा. हळूहळू तिला कळलं, की काकू गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक आहे.

म्हणूनच त्या मंगळवारी काकू गप्प राहिल्या, तेव्हा सुनेला काहीच समजेना.

झालं असं. काकूंच्या कामात एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे: आधी रिकामं पातेलं शेगडीवर, मग तळाला फडकं, मग बाटल्या, आणि पाणी सगळ्यांत शेवटी, तांब्यातांब्याने. त्या दिवशी काकू दवाखान्यात गेल्या होत्या. ओसरीत टोमॅटोच्या आठ पेट्या पिकून बसल्या होत्या. सुनेने एकटीने बाटल्या भरल्या, झाकणं आवळली, पण पुढे घाई केली. नळाखालीच पातेलं बाटल्यांनी आणि पाण्याने भरलं, नवऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ते उचलून शेगडीवर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं! शेगडीचा पुढचा पाय वाकला, पातेलं कलंडलं आणि बत्तीस बाटल्यांचा चुराडा झाला. खोलीभर लाल पाणी. नवरा म्हणाला, "आई आली की मी सांगतो, माझ्या हातून निसटलं म्हणून." सून म्हणाली, "काही नको. चूक माझी आहे."

काकू आल्या. दारातून सगळं पाहिलं. सुनेने जे घडलं ते घडाघडा सांगून टाकलं, एक शब्द लपवला नाही. काकूंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि काचा वेचायला लागल्या. फुटक्या बाटल्यांची तोंडं झाकणांसकट उचलून वळवून वळवून बघत होत्या. मग वाकलेल्या पायाला एक टिचकी मारली आणि म्हणाल्या, "गेली."

बस्स, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! सून मनाशी घोळवत राहिली. गेली म्हणजे काय गेलं? शेगडी, की मागच्या खोलीतली आपली जागा? तिला ते काम आवडायचं. माहेरी तिला सगळे धांदरट म्हणायचे. इथे पहिल्यांदा आपल्या हातून काही नीट होतं असं तिला वाटलं होतं. आता सासूबाई म्हणतील, तू आपली स्वयंपाक बघ, हे मी बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "चल, शेगडी बघायला." सून मुकाट्याने निघाली. पिशवी धरायला तरी नेतायत, असं तिने मनाशी म्हटलं.

पहिलं दुकान झकपक होतं. काचेच्या शेगड्या रांगेने मांडल्या होत्या, काळ्याभोर, आपलं तोंड दिसेल अशा. विक्रेता गळ्यात टाय बांधलेला, बोलायला तरबेज.

"काकू, ही बघा. चार बर्नर, आपोआप पेटते, पुसायला एकदम सोपी."

काकूंनी काचेला टिचकी मारली. "सत्तर किलो पेलेल?"

"सत्तर?" तो हसला. "घरात एवढं कोण ठेवतं?"

"मी ठेवते. रोज दोनदा, तास-तासभर. आणि पातेलं बर्नरच्या बाहेर एवढं येतं." काकूंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "खालची आच उलटून काचेवर येणार. काच टिकेल?"

"कंपनीची गॅरंटी आहे ना काकू!"

"तुमचं वजन किती?"

"अं? अडुसष्ट."

"मग चढा."

"कुठे?"

"शेगडीवर. तुम्ही चढलात तर मी आत्ता घेते."

विक्रेत्याने शेगडीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि घसा खाकरला. चढला नाही. काकू रागावल्या नाहीत. "चांगली आहे हो, कमी माणसांच्या घराला चांगली आहे," असं म्हणून त्या बाहेर पडल्या. सुनेला हसू आवरेना, पण तिने पदर तोंडाला लावला. आज आपण हसायचं की नाही, तेच तिला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दुकानात स्टीलची शेगडी होती, चांगली भक्कम दिसणारी. काकूंनी जाळी उचलून हातात तोलली, उलटी करून जोड पाहिले, आणि चारी पायांना एकेक टिचकी मारली. तीन पाय एका आवाजाचे, चौथा वेगळा. "हा नंतर बसवलाय," त्या म्हणाल्या. दुकानदार म्हणाला छे छे. मग आतून त्याचा भाऊ आला आणि म्हणाला, अरे हो, तो वाहतुकीत तुटला होता, तुम्हाला कसं कळलं? दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, पण काकू डोळ्यांवर विसंबल्या असत्या तर ना! सून बघत राहिली. बाई आहे की काय आहे ही, तिला वाटलं, आणि त्याच दमात मन खट्टू झालं. अशा बाईपाशी सहा वर्षं शिकून आपण पातेलं आपटलं.

उन्हं वर आली तेव्हा दोघी वेल्डरच्या शेडमध्ये पोचल्या. म्हातारा वेल्डर काकूंना ओळखत होता; जुनी शेगडी त्यानेच बनवली होती. त्याच्याकडे बिडाचे दोन जाड बर्नर होते आणि लोखंडी चौकटी भिंतीला टेकून उभ्या होत्या. काकूंनी विचारण्याआधी तोच एका चौकटीवर चढला आणि दोन उड्या मारल्या. "नव्वद किलो आहे मी," तो म्हणाला. "बायको तर म्हणते जास्तच."

काकूंनी चौकटीला टिचकी मारली. कान दिला. मान डोलावली.

"परवा सकाळपर्यंत हवी. टोमॅटो थांबणार नाहीत."

"देतो की. माप जुनंच ना? तुमच्या कमरेला येईल असं?" वेल्डरने खडू काढला. काकू जेमतेम पाच फुटांच्या. जुनी शेगडी त्यांच्या बेताने बुटकी केलेली होती.

"नाही," काकू म्हणाल्या. "हिच्या मापाने करा."

सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आई, अहो, तुम्हाला उंच पडेल ती."

"मी पाटावर उभी राहीन."

"पण आई, काम तुम्ही करता. आणि मी तर... जुनी मीच मोडली ना!"

"मोडलीस. नियम मोडलास, शेगडी मोडलीस, बत्तीस बाटल्या फोडल्यास." काकूंचा आवाज चढला, आणि सुनेला वाटलं आता धरणीने पोटात घ्यावं. "काल मी त्या सगळ्यांची तोंडं बघितली. बाटल्या फुटल्या, पण झाकणं? बत्तीसच्या बत्तीस, एकसारखी आवळलेली. एक जास्त घट्ट नाही, एक ढिलं नाही. माझ्या हातून अजून दोन तरी ढिली राहतात. बावीस वर्षं कारखान्यात हजारो हात पाहिले, असा हात पाहिला नाही."

वेल्डर उगाचच खडूकडे बघत बसला.

"ही शेगडी तीस वर्षं टिकणार," काकू त्याला म्हणाल्या. "मी टिकणार आहे का तीस वर्षं? मग माझ्या मापाने कशाला? घ्या हिचं माप."

वेल्डर पट्टी घेऊन पुढे आला. सून सवयीने खांदे पाडून, जराशी वाकूनच उभी होती. सहा वर्षं ती त्या बुटक्या शेगडीपुढे तशीच उभी राहत आली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही तिला सुचत नव्हतं.

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अगं, वाकतेस काय अशी? सरळ उभी राहा. माप चुकेल."