परक्या लढाईविरुद्ध आबांचा अर्ज

इराकमध्ये लढाई झाली त्या उन्हाळ्यात माझे सासरे रोज सकाळी बातम्यांशी भांडायचे. बातम्या सांगणारी बाई शांतपणे पुढचं वाचायची आणि आबा तिच्या मागच्या वाक्याला उत्तर देत असायचे.

आबा सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झाले होते. त्यांचे आजोबा मेंढरांमागं फिरायचे. वडिलांनी राहू गावात जमीन धरली आणि घर एका जागी थांबलं. आबांचे पाय मात्र थांबले नव्हते. मी शिरूरच्या शाळेत शिकवायचे. नवऱ्याची कारखान्यातली नोकरीही तिकडंच, म्हणून आम्ही दोघं शिरूरला राहायचो. सुट्टी लागली की मी राहूला यायचे. त्या मे महिन्यात तशीच आले आणि आबांच्या हाती सापडले.

झालं असं की आपलेही सैनिक इराकला पाठवावेत, अशी अमेरिकेची मागणी असल्याची बातमी आली. दिल्लीत विचार चालू होता. आबांनी टीव्ही बंद केला, माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, कागद घे. आपल्याला अर्ज करायचाय."

"कुणाला?"

"पंतप्रधानांना. दुसऱ्या कुणाच्या हातात हाय का हे?"

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "लिही बाई. तेवढाच घरात जरा निवांतपणा."

आबा सांगत गेले, मी लिहीत गेले. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात "खबरदार" हा शब्द तीनदा होता. दुसऱ्या दिवशी आबांनी तो बुद्धविहाराच्या कार्यवाहांना दाखवला. ते दौंडला रेल्वेत नोकरीला होते, आणि गावात कुणाचाही अर्ज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं जायचा नाही. त्यांनी चारी पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "आबा, हे शांततेचं पत्र हाय का नोटीस?"

आबा जरा दुखावले. पण ऐकलं. दोघांनी बसून चार पानांचं एक पान केलं. शेवटी मजकूर एवढाच उरला की, ही लढाई आपली नाही. आपण कुणाच्याच बाजूनं उतरू नये. लढाई थांबवायला मदत लागली तर दोन्हीकडच्यांना विचारून करावी. कार्यवाहांनी पहिली सही केली आणि दौंडहून टाईप करून आणून दिलं.

मग सह्यांची मोहीम निघाली. आबांची जुनी लूना, मागं मी, माझ्या मांडीवर कागदांची फाईल. आबांनी डोक्यावर फौजेतली टोपी घातली होती. मेच्या उन्हात ती लोकरीची टोपी बघूनच लोक त्यांना आधी पाणी विचारायचे, मग काम. पाराजवळ अर्ध्या तासात वीस-बावीस सह्या झाल्या, तेव्हा मलाच शंका आली. मी एका म्हाताऱ्या मामांना विचारलं, "कशाला सही केली, ठाऊक हाय ना?"

"व्हय की. एस्टीच्या थांब्याला पत्रा टाकायचाय."

आबांनी कागद परत घेतला. प्रत्येकाला पुन्हा बोलावून इराक कुठं आहे इथपासून समजावलं. "न समजता सही करणं म्हंजी न इचारता भरती झाल्यावानी," असं ते म्हणाले. बावीस सह्यांच्या चौदा झाल्या. त्या मामांनी मात्र पुन्हा सही केली. "पत्र्याचंबी खाली ल्ह्या," म्हणाले. मी लिहिलं नाही, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

सगळ्यांनाच पटत होतं असं नाही. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "आबा, फौजी माणूस आन् लढाईला भ्येता व्हय?"

आबा म्हणाले, "आपल्या शिवंवर कुणी आलं तर ह्या वयात पहिला मी निघन. पर दुसऱ्यांच्या भांडणात एकानं बोलावलं म्हणून जायचं न्हाई. दोघांनी बोलावलं तरच जायचं, तेबी सोडवायला."

देशाला एवढी अलिप्तता शिकवणारा हा माणूस स्वतः मात्र गावातल्या प्रत्येक भांडणात बाजू घ्यायचा. शेजारच्या आप्पांशी तर बांधावरच्या बाभळीपायी तीन वर्षं अबोला होता. त्या आप्पांचाच थोरला मुलगा सैन्यात होता. कार्यवाहांनी सह्या मोजल्या आणि सरळ सांगितलं, "ज्याचा पोरगा जाणार त्याची सही न्हाई, आन् बाकी गावाची हाय. कसं दिसंल ते?"

आबांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल. तू बोल, मी नुस्ता हुभा ऱ्हातो."

आप्पा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. आबांना टाकलं नाही. मी अर्ज वाचून दाखवला. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, त्यास्नी सांग, माझा पोरगा जायाचं म्हणतोय. परदेशातली ड्यूटी हाय, नाव व्हईल. हे कोण त्याला अडवणार?"

आबाही माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, त्यास्नी सांग, मीबी तसाच गेलो होतो."

एका हाताच्या अंतरावर असलेल्या माणसांचे निरोप मी इकडून तिकडं पोचवत होते. आणि मग आबा असं काही बोलायला लागले की मला मध्ये बोलायची गरजच उरली नाही. इतक्या वर्षांत घरात कुणी ते ऐकलेलं नव्हतं.

तरुणपणी ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले होते. काम एवढंच, की भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभं राहायचं. "आमच्या चौकीम्होरं एक बाई उकडल्याल्या शेंगा घिऊन बसायची. आपल्यावानीच शेंगा. आमी मराठीत बोलायचो, ती तिच्या भाषेत. रोज मूठभर जास्त घालायची. मग एक दिवस हुकूम बदलला. आमी दोघांतल्या एकाच्या अंगाला झालो. गोळीबार झाला. त्या बाईचं कोण गेलं का न्हाई, मला ठाव न्हाई. दुसऱ्या दिशी ती आली, आन् टोपली घिऊन रस्त्याच्या पल्याड जाऊन बसली. मी हाक मारली. तिनं बघितलं न्हाई."

आप्पांचे हात दोरावर थांबले होते. मग आप्पांनी घरात हाक दिली, "पोतं आण गं आणखी एक."

आबा बसले. चहा झाला. सही झाली नाही. आप्पांनी कागद ठेवून घेतला, म्हणाले, "पोराला इचारतो." परत येताना आबा वाटभर गप्प होते. त्यांना गप्प बघायची सवय नसल्यामुळं मला ते आजारी वाटले.

चार दिवसांनी आप्पांची मालकीण पदराखालून कागद घेऊन आली. आप्पांनी सही केली होती आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "हुकूम झाला तर पोरगा जाईल. पण हुकूम होऊ नये." कार्यवाहांनी ते वाचून टाईप केलेल्या पानाकडं बघितलं आणि म्हणाले, "आपलं पान उगंच केलं. एवढंच धाडायला पायजे होतं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा शिरूरच्या पोस्टातून मी तो अर्ज रजिस्टर केला. जुलैत बातमी आली, आपलं सैन्य जाणार नाही. दिल्लीनं ते कशामुळं ठरवलं ते दिल्लीलाच ठाऊक. पण गावात आठवडाभर आबांना लोक हाक मारून विचारायचे, "काय आबा, ऐकलं वाटतं तुमचं?" आबा आधी लाजले. नंतर म्हणायला लागले, "तसं काय न्हाई. पर येळंत पोचलं आसंल." अर्जाचं उत्तर कधी आलं नाही. ते आबांनाही अपेक्षित नसावं, कारण पोस्टमनला त्यांनी फक्त दोनदाच विचारलं.

दिवाळीला आप्पांचा मुलगा रजेवर आला. आबांच्या पाया पडला, शेजारी बसला. मी चिवड्याची ताटली ठेवली तेव्हा तो म्हणत होता, "आबा, खरं सांगू का, मला जायचं होतं."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय रं," म्हणाले, "तुझ्या वयात मलाबी जायचंच होतं. खा."