मागल्या दाराची बिजागरी

शेजारच्या काकींचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच घरी आले होते. "तुजी आय मागलं दार रोज दोरीनं बांधते हो," त्या म्हणाल्या. "ती काय तुला सांगायची नाय, म्हणून मी सांगतंय."

आमचं गावचं घर बुरोंडीच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडं आणि मागचं बंद असल्याशिवाय ती दिवा लावत नाही. लक्ष्मी पुढून येते, मागलं दार उघडं दिसलं तर तशीच निघून जाते, असं ती मानते. दार खाली बसून चौकटीत जाईनासं झालं होतं, म्हणून ती ते दोरीने ओढून बांधत होती.

रत्नागिरीच्या माझ्या घरात एक खोली मी तिच्यासाठी ठेवली आहे. खाट आहे, खिडकीतून शेजाऱ्यांचा फणस दिसतो. ती दरवेळी "बघू" म्हणते. काकींचा फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता तरी आई येईल. मग दोरीशी झटणारे तिचे हात डोळ्यांसमोर आले आणि मी शनिवारी सकाळची गाडी धरली.

चिपळूणला गाडी बदलावी लागते. स्टँडपासून जवळच हार्डवेअरचं ते दुकान आहे, जिथे बाबा मला न्यायचे. बाबा लोट्याला केमिकल कंपनीत होते. पाळ्या करायचे, कंपनीच्या बसने यायचे-जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी घरासाठी काहीतरी आणायला चिपळूण गाठायचे. घरात मी पहिली पदवीधर झाले ती त्यांच्या त्या पाळ्यांवर. वस्तू पारखायला त्यांच्या खिशात बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक असे. पितळ म्हणून दिलेल्या बिजागरीला तो चिकटला की बाबा ती शांतपणे परत सरकवायचे. "वरनं सोनं, आतनं लोखंड," एवढंच म्हणायचे. स्टीलच्या वस्तूंवर मात्र तो चुंबक फसायचा. न चिकटलेल्या स्टीलच्या कड्याही आमच्या खाऱ्या वाऱ्यात लाल झाल्या. चुंबकाला न चिकटणारं सगळंच स्टील गंजापासून वाचत नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता. कडीचा नव्हे, मला ते कळलं याचा.

दुकानदाराने तीन बिजागऱ्या काउंटरवर मांडल्या. "ताई, ही भाड्याच्या घराला, ही विकायच्या घराला, आणि ही स्वतःच्या घराला."

"आणि आईच्या घराला?" मी विचारलं.

"मग हिच्यातलीच, पण जाड बघून देतो."

मी बिजागरी हातात तोलली. पट्ट्या धरून हलवून पाहिल्या. मधली पिन खुळखुळत असेल तर दार वर्षभरात लोंबतं. मागल्या बाजूला नखाएवढा ओरखडा काढून आतही पिवळंच आहे ना ते पाहिलं. स्क्रू पितळीच घेतले. एक स्क्रू ड्रायव्हरही घेतला, पण त्याचं टोक एका मोठ्या स्क्रूच्या खाचेत घालून, जोर लावून पाहिल्यावर. आठवडा बाजारात घेतलेल्या एकाचं टोक पहिल्याच दिवशी पिळवटलं होतं.

हे सगळं करताना एक विचार सारखा येत होता. मी जितकी चांगली बिजागरी निवडीन, तितकी आई तिथेच राहील. त्यातली हलकी उचलावी असं मात्र वाटलं नाही. बाबा शेजारी उभे असल्यासारखी मी निवडत राहिले.

घरी पोचले तर आई म्हणाली, "दारासाठी रजा घेतलीस?"

"शनिवार-रविवार सुट्टीच आहे."

दार उतरवलं तेव्हा दिसलं, बाबांनी घेतलेली पितळी बिजागरी जवळजवळ धड होती. स्क्रू मात्र लोखंडी. आमच्याकडे काही टाकत नाहीत. जुन्या कपाटाचे स्क्रू, ठोकून सरळ केलेले खिळे, सगळं एका डब्यात जमतं. चांगल्या बिजागरीला बाबांनी त्या डब्यातले स्क्रू लावले होते. पितळेला टेकलेलं लोखंड खाऱ्या हवेत आधी संपतं. स्क्रूंची माती झाली होती आणि एक पट्टी दाराच्या वजनाने वाकली होती.

आईने पहारीने दार उचलून धरलं. जुनी भोकं मोठी झाली होती, त्यांत मी बांबूच्या काड्या ठोकून बसवल्या. पितळी स्क्रू मऊ, झटक्यात तुटतात, म्हणून आधी डब्यातला एक लोखंडी स्क्रू फिरवून वाट केली, मग पितळी स्क्रूंना साबण लावून ते हळूहळू आत घातले.

"बीएस्सीला ह्ये शिकवतात काय गो?" आईने विचारलं.

"पहार हलवू नको."

"मी नाय हलवत. तुजा हात हलतोय."

संध्याकाळी तिने दार ओढलं. एका हाताने ते चौकटीत जाऊन बसलं, कडी पडली. मग पुढे जाऊन तिने दिवा लावला. मी ओटीवर बसले होते. म्हटलं, "पावसापुरती तरी चल."

"आता दार लागतंय की बाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मग काय म्हणून येऊ?"

खरं उत्तर एवढंच होतं की मला ती हवी होती, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

सकाळी मी पिशवी भरत होते, तेव्हा आई माजघरातून म्हणाली, "ह्या खिडकीची कडी पण सैल झालीय बघ. पुढल्या खेपेला एक आण. घाई नाय, पण आण."

मी जाऊन कडी लावून पाहिली, काढून पाहिली. ती घट्ट बसत होती.

"आणते," मी म्हटलं. "माप घेऊ दे."

आईने खिडकीचं दार धरून ठेवलं आणि मी सावकाश माप घेतलं.