दुपारपुरता बर्फ

इस्पितळाच्या तळघरात गारव्याची यंत्रं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘बर्फाच्या बाई’ म्हणत. रात्री विजेला फारशी मागणी नसते. तेव्हा यंत्रं चालवून भल्यामोठ्या टाकीत बर्फ करायचा आणि दुपारी अख्खं शहर विजेवर तुटून पडलं की यंत्रं बंद ठेवून त्या बर्फावर इमारत गार राखायची, अशी नवी व्यवस्था होती. पण बाईंचं आयुष्य यंत्रांच्या घरघरीत गेलेलं. दुपारची शांतता त्यांना खायला उठे. मग उगाच टाकीभोवती फेऱ्या, पाइपांना हात लावून बघणं. घरीही जेवताना कान टवकारलेलेच. नवरा म्हणे, “अगं, निदान घास तरी गिळ.”

त्या दिवशी उन्हानं कहर केला. टाकीत किती बर्फ उरला ते दाखवणारा काटा भराभर उतरू लागला. त्यात वीजकेंद्रातून निरोप आला, की संध्याकाळपर्यंत मोठी यंत्रं लावू नका, नाहीतर सगळ्या भागाची वीज जाईल. एवढ्यात नणंदेचा फोन आला. ती वरच परिचारिका होती.

“वहिनी, उष्माघाताचे रुग्ण येतच आहेत. खालून गारवा येत राहील ना?”

“येईल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या तशाच मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. कचेऱ्या, सभागृह, तुमची खोली, सगळ्यांचा गारवा तोडते म्हणाल्या. डॉक्टरांनी मान डोलावली, पण लोकांना सांगणार कोण, असं विचारलं. बाईंनी ते काम स्वतःच अंगावर घेतलं आणि दारोदार फिरल्या. कुणी तोंड फिरवलं, कुणी टाकून बोललं. हेडक्लार्क तर तडकलेच.

“आम्ही काय माणसं नाही?”

“आहात ना. पण तुम्ही उठून सावलीत जाऊ शकता. वरचे रुग्ण नाही जाऊ शकत.”

संध्याकाळी वीजकेंद्राची परवानगी आली, तेव्हा टाकीत नुसता चिखलासारखा बर्फ उरला होता. यंत्रं सुरू करून बाई स्टुलावर टेकतात न टेकतात, तोच नणंद खाली आली. बहुतेक जण सावरले होते. एक म्हातारी मात्र गेली. आणली तेव्हाच तिच्यात काही उरलं नव्हतं.

“तुझ्याकडून काही कमी पडलं नाही, वहिनी.”

बाईंनी तोंडावर पाणी मारलं. उद्या ऊन आणखी वाढणार होतं. आज कचेऱ्यांचा गारवा आणखी लवकर तोडता आला असता का, हा प्रश्न डोक्यातून हलेना. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावून कचेऱ्यांचा गारवा उद्या सकाळपासूनच बंद ठेवते म्हणून सांगितलं, नणंदेला घरी पिटाळलं आणि पुन्हा टाकीकडे वळल्या.