ताईचं बटण

ऑफिसात त्याला सगळे ‘बटणवाला’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. वेबसाइटची पानं आखण्यात वीस वर्षं गेली, पण नाव झालं ते एका बटणामुळे.

तेही सुचलं थोरल्या बहिणीमुळे. ताईचा हात थरथरतो, त्यामुळे ती आली की दारावरची बेल हमखास दोनदा वाजते. एकदा दार उघडता उघडता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: बेल दोनदा वाजली म्हणून आपण दार दोनदा उघडतो का? मग त्याने वेबसाइटसाठी असं बटण केलं, की लगोलग दुसऱ्यांदा बोट लागलं तर ते त्याकडे सरळ काणाडोळा करायचं. कंपनीने पेटंटसाठी अर्ज टाकला. तोवर इतरांनीही बघून तसंच बटण बसवलं, ताईच्या दवाखान्याच्या वेबसाइटनेसुद्धा. ताई डॉक्टरांची वेळ आपली आपण घ्यायला लागली. “आता सुनेच्या मिनतवाऱ्या नकोत बाई!” म्हणाली.

पेटंट मिळालं, प्रमाणपत्रावर याचं नाव. स्वारी हवेत! कंपनीच्या वकीलबाईंनी एक यादी पुढे सरकवली, न विचारता बटण वापरणाऱ्यांची.

“यांना नोटिसा पाठवायच्यात. शोध तुमचा, तेव्हा सही तुमचीही हवी.”

अहो, यादी वाचायला असा किती वेळ लागणार होता? पण नाही! साहेबांचा चहा निवत होता. केली सही. नोटिसा गेल्या आणि भांडत बसण्यापेक्षा लोकांनी बटणं काढून टाकली.

परवा बेल एकदाच वाजली. दारात ताई, आणि बेल दाबणारी तिची सून.

“वेळ घेतली रे मी,” ताई खुर्चीत टेकत म्हणाली, “पण बोट परत लागलं. तिथेच ‘रद्द करा’ आलेलं. गेली वेळ! आता डॉक्टर दोन महिन्यांनी. यापुढे हीच घेणार म्हणते.” तिने सुनेकडे बोट केलं. “तुझं बटण होतं की तिथे. कुणा मेल्याने काढलं?”

त्याला वकीलबाईंची ती यादी आठवली. स्वतःची इतकी लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

“मीच, ताई.”



“का रे? काही चुकत होतं का त्यात?”

“नाही गं,” तो म्हणाला.