दोष तेलाचा नव्हता

बाळांनो, तुमच्या बाबांनी थोरलीला फोनवर सांगितलं, "आपल्या घराण्यात बीपी कुणालाच नव्हतं." हे खोटं आहे. तिच्या तपासणीत निघालं आहे की तिच्या जनुकांत फरक आहे, शरीर चरबी नीट हाताळत नाही, आणि त्यामुळे रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त आहे. ती राहते तिकडचे डॉक्टर घराण्याची माहिती मागत आहेत. म्हणून आज लिहिते आहे. रागात आहे, तरी क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा शेवग्याच्या शेंगेसारखे बारीक. "किडकिड्या माणसाले कायचं बीपी?" असं म्हणून साखरखेर्ड्यात लोक हसायचे. चक्कर यायला लागली तेव्हा मेहकरच्या डॉक्टरांनी दाब मोजला, रक्त तपासलं. चरबी आणि दाब, दोन्ही वाढलेले. त्यांनी रोजची गोळी दिली. चक्कर थांबली तशी आजोबांनी गोळीही थांबवली. मग एका बाजाराच्या दिवशी वांग्यांची पोती उतरवताना ते कोसळले आणि गेले.

दहा दिवसांच्या आतच, घर माणसांनी भरलेलं असताना, सासूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिच्या भाजीवर चार बोटं तर्री राहे. हिनंच खाल्लं माह्या लेकाले."

मी विचारलं, "मग मामंजी असेच कोसळून कशानं गेले? तेव्हा तर मी या घरात नव्हते."

"चूप बस वं! तुह्या नणदेची सोयरीक चालू हाये. पाव्हण्याईनं आयकलं त?"

म्हणजे हे घराण्यातच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तेल-मीठ कमीच हवं, हे मलाही मान्य आहे. पण दोष माझ्या हाताला चिकटवला की घराण्याचं रक्त स्वच्छ ठरत होतं! नणदेलाही, म्हणजे तुमच्या आत्याआजीलाही, कुणी काही सांगितलं नाही. सासरी तिची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा पहिल्यांदा तिचा दाब मोजला.

काल मी तुमच्या बाबांना विचारलं, "खोटं काऊन सांगितलं रे?"

"आई, धाकटीचं जमत आलंय. घराण्याला डाग कशाला?"

"तुझ्या तोंडून तुझी आजी बोलते आहे."

त्याने फोन ठेवला.

थोरले, डॉक्टरांना तिघांचंही सांग: पणजोबा, आजोबा, आत्याआजी. धाकटे, तू बारीक आहेस म्हणून सुटलीस असं समजू नकोस. दाब मोज, रक्त तपास आणि मुलाकडच्यांना स्वतःच सांग. धोका म्हणजे मरण नव्हे. लपवल्यानं माणसं गेली.

तुमची आत्याआजी अजून आहे. रोज गोळी घेते आणि डाव्या हातानं जेवते.