आठव्या फळीवरचा शालू

गोल बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात मारोतीभाऊ ढोबळे तीस वर्षांपासून गादीवर साड्या दाखवत आहेत. गिऱ्हाइकाने नुसती भुवई उचलली की त्यांचा उजवा हात आठव्या फळीवर जायचा आणि शालू असा सुटायचा, की पदर नेमका नवरीच्या मांडीवर. नवरदेवालाही इतक्या लवकर होकार मिळाला नसेल.

वैशाखात तोच हात रुसला. आधी कंगवा केसांपर्यंत जाईना, मग शर्टाची बाही चढेना. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, प्रत्येकाने एकेक तेल सुचवलं आणि मारोतीभाऊंनी कोणाचं मन मोडलं नाही. त्यांची बायको शारदाबाई म्हणाली, "मी भाजी फोडणीला टाकून राहिली का तुमचा खांदा, मलेच समजत नाही." वर मारोतीभाऊंनी स्वतःच्या अकलेने हात गमछ्यात बांधून तीन महिने जावयासारखा बसवून ठेवला. जावयासारखाच तो आणखी ताठला.

शेवटी दुकानाचे मालक सेठजी बोलले, "मारोती भैया, देवउठनी एकादशी के बाद लगन का सीजन है. हाथ नहीं चला तो आप दरवाजे पे रुमाल-टॉवेल संभाल लेना."

रुमाल! तीस वर्षं शालू उलगडणारा माणूस! दुसऱ्याच दिवशी ते फिजिओथेरपिस्ट गंधालीकडे गेले. शारदाबाई सोबत होतीच.

गंधालीने त्यांचा हात स्वतः उचलून पाहिला. खांद्याच्या रेषेत येऊन तो अडला.

"काका, मी उचलला तरी जात नाही. म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय. शुगर आहे का?"

"हट्! मले काहून शुगर?"

"हव, कायची शुगर!" मागून शारदाबाई. "अन् रोज सकाळी चौकात जिलबी कोण खाऊन राहिलं, शेजारचं कुत्रं?"

रक्त तपासलं. शुगर होती, आणि चांगली मुरलेली होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गंधालीने समजावलं, "शुगरवाल्यांचा खांदा असा लवकर आखडतो. त्यात तुम्ही बांधून ठेवला." मग तिने शेक सांगितला, वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला सांगितला, आणि बोटांनी भिंत चढायला.

"किती दिवस?"

"महिने विचारा, काका. झटका द्यायचा नाही. अन् खांदा कानाकडे उचलून मला फसवायचं नाही."

भिंत मारोतीभाऊंनी दुकानातच शोधली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांची बोटं फळ्या चढू लागली. चौथ्या फळीवर सुती, पाचवीवर कोसा रेशीम, सहावीवर जॉर्जेट. संध्याकाळी शारदाबाई विचारायची, "आज कुठवर?" आणि हे तालुक्याला जाऊन आल्यासारखे सांगायचे, "कोशावर." कोशावर तर पुरा एक महिना मुक्काम पडला. दिवाळीत गाडी सातव्या फळीवर पोचली आणि तिथेच रुसून बसली.

देवउठनीनंतर ऋता नावाची नवरी आईला घेऊन आली. पंधरा साड्या पाहून तिने वर बोट दाखवलं. "काका, तो हिरवा शालू."

सेठजी स्टूल घ्यायला उठले.

"राहू द्या, सेठजी."

बोटं निघाली. सुती, कोसा, जॉर्जेट. सातवीवर थांबली. खांदा कानाकडे उचलला जायला लागला, तसा मारोतीभाऊंनी तो खाली सोडला, एक श्वास घेतला आणि उगाच शालूच्या काठाचं कौतुक सांगत वेळ काढला. मग बोटं हळूच आणखी वर सरकली आणि शालूला लागली. तो पूर्वीसारखा विजेसारखा सुटला नाही, जरा दमानेच आला. पण पदर पडला तो ऋताच्या मांडीवरच.

"हाच," ती म्हणाली.

रुमालाचा विषय पुन्हा निघाला नाही. सेठजींनी खुशीत जिलबी मागवली. ती कोणत्याच फळीवर नव्हती, समोरच ठेवली होती, त्यामुळे हाताला काही अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी गंधालीने विचारायच्या आतच मारोतीभाऊ म्हणाले, "पोरी, काल अर्धी जिलबी खाल्ली."

शारदाबाईने नुसती मान वळवून पाहिलं.

"बरं, एक."