धुतले तरी न जाणारे नाना

कन्हेरीची माझी आत्या फोटो बघत नसे, पुसत असे. सकाळी अंघोळ उरकली की ओला पंचा पिळून भिंतीवरच्या सगळ्यांची तोंडं पुसायची. आधी सासरे, मग सासू, आणि शेवटी तिचे यजमान, म्हणजे आमचे नाना. फोटोला काच तिला खपायची नाही. "काच पुसाया मी काय जीप पुसतीया व्हय?" त्यामुळं सगळी मंडळी पुठ्ठ्यावर चिकटवलेली, उघडी.

व्हायचं तेच झालं. वर्षानुवर्षं पुसून नाना झिजले. आधी टोपीची कड गेली, मग कान. त्यांचा तेवढा एकच फोटो होता, आणि तो काढलेल्या इंदापूरच्या स्टुडिओत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, आत्या नानांच्या चेहऱ्याला वळसा घालून पंचा फिरवतेय.

"डोळं ऱ्हायल्यात, तेवढं तरी ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "माझ्यामागं सुना पुसत्याल आन् समदंच जाईल बघ."

मी फोटो मोबाईलमध्ये उतरवून घेतला. माझ्या लेकीनं कॉम्प्युटरवर टोपी आणि कान परत बसवून दिले. आता बारामतीतल्या कुठल्याही स्टुडिओत तो छापून मिळाला असता. बायकोनं तसं सुचवलंही. पण मला घरी प्रिंटर आणायला निमित्तच हवं होतं. तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, वहीत रकाने आखले, शाईच्या टाक्यांची तुलना केली आणि एवढा अभ्यास करून ऑफिसच्या कागदपत्रांसाठी उत्तम असा प्रिंटर घरी आणला.

"आत्या, ह्यो प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापतो!" मी कन्हेरीला जाऊन छाती फुगवली.

"दुसऱ्या बाजूला काय छापनार हायस? ह्यांची पाठ?"

फोटो मात्र झकास आला होता. मीच पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावला. आत्या हरखली. पंचा पिळून आणला आणि इतक्या दिवसांची कसर काढत चेहऱ्यावरून एकच हात फिरवला. नानांची मिशी ओघळून गळ्यापर्यंत आली.

आत्या मटकन खाली बसली. हातातल्या पंच्याला नाना लागले होते.

"अगं, मोबाईलमध्ये आहेत ना नाना. परत छापू," मी म्हणालो.

"मोबाइलात असत्याल. पर तितं मला पुसाया गावत्यात का, सुन्या?"



पुढच्या खेपेला बारामतीच्या प्रिंटरच्या दुकानात ती स्वतः आली. दुकानदार इम्रानभाईंनी वेगवेगळ्या प्रिंटरांवर काढलेले नमुन्याचे फोटो मांडले. आत्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पहिल्या नमुन्यावर पाणी शिंपडलं आणि पदरानं खसाखसा पुसलं. नमुन्यातली नवरी गेली. दुसऱ्यातला मोर निम्मा गेला.

"अवो मावशी, फोटो हायत, भाजी न्हाय!"

"भाजीबी धुतल्याबिगर घरात घेत न्हाय मी. ह्यो तर घरधनी हाय."

इम्रानभाई हसले आणि आतून डब्याएवढा एक प्रिंटर घेऊन आले. तो कागद चारदा आतबाहेर करायचा. पिवळा रंग, मग लाल, मग निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर. माझ्या वहीत त्याच्यावर फुली होती, का तर पोस्टकार्डापेक्षा मोठा फोटो निघत नाही. त्यांनी माझ्या मोबाईलमधले नाना छापले. आत्यानं बाटलीचं झाकण काढलं, नानांकडे पाहिलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"तू वत. माझ्यानं व्हायचं न्हाय."

तिनं तोंड फिरवलं. मी ओतलं.  पाणी टोपीवरून मिशीवर, मिशीवरून काउंटरवर आलं. स्वच्छ, बिनरंगी पाणी.

"आत्या, बघ. आहेत."

तिनं वळून पाहिलं. मग पदराचं टोक घेऊन कपाळ, डोळे, मिशी, सगळा चेहरा पुसला. इम्रानभाईंनी तिच्यापुढं खुर्ची सरकवली.

त्यानंतर आत्या दोन वर्षं होती. फोटो पुसायचं काम तिनं थोरल्या सुनेला देऊन टाकलं आणि त्या वेळात ओसरीवर चहा घेत बसायला लागली. सून बिचारी जपून, बोटांच्या टोकांनी पुसायची. ओसरीवरून हाक यायची, "अगं, दाबून पूस की! काय होत न्हाय आता त्यांस्नी."